परदेशी रक्कम पाठवण्याची बँकसेवा : मुलाच्या इंग्लंडमधील घराच्या निमित्ताने

तळेगावजवळच्या एका गावात आम्ही पती-पत्नींनी २००६ साली संयुक्त नावाने एक बिगरशेती प्लॉट नऊ लाखांना घेतला होता. निवृत्तीनंतर तेथे दोन खोल्या बांधाव्यात असा बेत होता, तो काही तडीस गेला नाही. मुलगा इंग्लंडात नोकरीला लागला, तिथेच रमला आणि रेडिंग येथे घर घेण्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही तो प्लॉट ६२ लाखांना विकला आणि त्यातील ४६ लाख रुपये मुलाला घराच्या आगाऊ रकमेसाठी देण्याचे ठरवले. ही रक्कम आम्ही दोन बँकांमार्फत पाठवली. मार्च २०२५ मध्ये १४ लाख रुपये पुण्यातील आमच्या जुन्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून गेले, तर जुलैमध्ये उरलेले ३२ लाख एका खासगी बँकेतून. दोन्ही बँकांची नावे देत नाही, कारण येथे लिहिलेले दोष त्या दोन शाखांपुरतेच असतील असे मला वाटत नाही.

या सेवेचे दरपत्रक पाहिले तर ती अगदीच स्वस्त भासते. जुन्या बँकेत एका व्यवहाराला ५०० रुपये कमिशन आणि संदेशवहनाचे वेगळे थोडे पैसे, एवढेच फलकावर लिहिलेले होते. प्रत्यक्षात आमचा जो खर्च झाला, किंवा वाचला, तो या फलकावर कुठेच नव्हता. तो होता विनिमयाच्या दरात, फॉर्मवर लिहायच्या एका कोडात आणि रक्कम कोणत्या तारखेला व कोणाच्या नावाने पाठवायची यात. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीबद्दल काउंटरवरून आपणहून एक शब्दही सांगितला गेला नाही.

आधी प्लॉटच्या कराचे. खरेदीदाराने नियमाप्रमाणे एक टक्का, म्हणजे ६२ हजार रुपये, कापून सरकारजमा केले. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे आणि त्यात महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी मात्र निवासी भारतीयाला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून, वीस टक्के भरण्याची मुभा ठेवलेली आहे. मी जुनी पद्धत स्वस्त पडेल असे धरून चाललो होतो. आमच्या सीएंनी कागदावर मांडून दाखवले. नऊ लाखांची किंमत निर्देशांकाने २६ लाख ७८ हजार होते आणि उरलेल्या नफ्यावर उपकरासह सुमारे ७ लाख ३३ हजार कर बसतो. नव्या पद्धतीत सरळ ५३ लाखांवर कर मोजूनही तो ६ लाख ८९ हजारच होतो. निर्देशांकाची आमची भाबडी श्रद्धा ४४ हजारांना पडली असती.

विकलेल्या जमिनीचा पैसा घरात गुंतवला तर भांडवली नफ्यावर सूट मिळते, तेव्हा इंग्लंडातील घरालाही ती मिळावी, असे पुष्कळांना वाटते. २०१४ च्या वित्त कायद्याने या सवलतीत घर भारतातच असले पाहिजे ही अट स्पष्ट शब्दांत घातली, त्यामुळे ती वाट बंद आहे. शिवाय आमच्या बाबतीत घर मुलाच्या नावावर होणार होते.

आता शाखेकडे वळतो. परकीय चलनाच्या डेस्कवरील अधिकारी सौजन्याने वागत होते, चहाही विचारला. 'मुलासाठी तिकडे घर घ्यायचे आहे' असे मी म्हणालो, त्याबरोबर त्यांनी परदेशी रक्कम पाठवण्याच्या अर्जावर, म्हणजे ए-टू फॉर्मवर, उद्देशाच्या रकान्यात एस ०००५ हा कोड लिहिला. हा कोड परदेशातील स्थावर मालमत्तेत भारतीयाने केलेल्या गुंतवणुकीचा आहे. वास्तविक आम्ही गुंतवणूक करीत नव्हतो, मुलाला भेट देत होतो, आणि वैयक्तिक भेटीसाठी एस १३०२ हा निराळा कोड आहे. हा फरक कारकुनी वाटतो, पण साऱ्या व्यवहाराची किल्ली इथेच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली, जिला सारे एलआरएस म्हणतात, प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. २००४ साली ही मर्यादा २५ हजार डॉलर होती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया गडगडला तेव्हा ती ७५ हजारांवर आणून घरखरेदीवर बंदीही घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. आज या योजनेतून घर घेता येते आणि नातेवाईकाला भेटही देता येते. पण गुंतवणूक म्हणून कुटुंबातील अनेकांनी एकत्र रक्कम पाठवायची असेल, तर त्या सर्वांचा त्या मालमत्तेत वाटा असावा लागतो. म्हणजे एस ०००५ लिहिले की आम्ही दोघे त्या घराचे सहमालक होणे ओघानेच येते. सहमालक झालो की दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरणे आले, आणि तो राहिला तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची टांगती तलवार आली.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. खरा फटका इंग्लंडच्या बाजूने बसला असता. घराची किंमत चार लाख पौंड होती. मुलाने एकट्याने, आयुष्यातील पहिले घर म्हणून घेतले तर तिकडचा मुद्रांक कर पहिल्या तीन लाखांवर शून्य आणि पुढच्या एका लाखावर पाच टक्के, म्हणजे पाच हजार पौंड. तेच घर आमच्या दोघांसह संयुक्त नावाने घेतले तर पहिल्या घराची सवलत जाते आणि नेहमीच्या टप्प्यांनी दहा हजार पौंड होतात. आमच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, आणि तिथला कायदा दुसरे घर जगात कुठेही असले तरी मोजतो, म्हणून संपूर्ण किमतीवर आणखी पाच टक्के, वीस हजार पौंड. आम्ही तिथले रहिवासी नाही म्हणून अनिवासी खरेदीदाराचा दोन टक्क्यांचा अधिभार, आठ हजार पौंड. एकूण अडतीस हजार. आमची सारी भेट चाळीस हजार पौंडांच्या आतबाहेर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कागदोपत्री आईबापांचे नाव लावण्याची हौस कोणत्या भावात पडली असती ते कळेल.

(३१ मार्च २०२५ पूर्वी व्यवहार पुरा झाला असता तर पहिल्या घराची शून्य कराची मर्यादा ४ लाख २५ हजार पौंड होती आणि ते पाच हजारही लागले नसते. ही चुटपुट मुलाच्या मनात अजून आहे.)

याच संदर्भात एक गोष्ट पुण्यातील आईवडिलांनी अवश्य लक्षात ठेवावी. पहिल्या घराची सवलत हवी असेल तर खरेदीदाराच्या नावे यापूर्वी जगात कुठेही घर, किंवा घराचा हिस्साही, असता कामा नये. वारसाने आलेला हिस्सादेखील चालत नाही. आपल्याकडे पुढची कटकट नको म्हणून फ्लॅटच्या करारात मुलाचे नाव सरसकट घालतात. आमच्या सौभाग्यवतींचाही २०१६ मध्ये तसा आग्रह होता. मुलगा तेव्हाच परदेशी गेला होता, मुखत्यारपत्र करून ते दूतावासातून साक्षांकित करून आणण्याचा त्याला कंटाळा होता, म्हणून नाव लागायचे राहिले. आळसाचा असा फायदा क्वचितच होतो.

कोड बदलून घ्यायला दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला शाखेने सीएचे १५सीबी, म्हणजे परदेशी जाणाऱ्या रकमेवरील कराबाबतचे, प्रमाणपत्र मागितले. वास्तविक अशा भेटीच्या रकमा आयकर नियम ३७बीबीमध्ये या प्रमाणपत्रातून वगळलेल्या होत्या आणि त्या यादीत एस १३०२ हा कोड स्पष्टपणे छापलेला होता. सीएंनी त्या यादीची प्रत लाल रेघ मारून दिली. अधिकाऱ्यांनी ती वरच्या कार्यालयाला पाठवली, आठवड्याने होकार आला. मार्चचा महिना असल्याने तो आठवडा आम्ही घड्याळाकडे पाहत काढला, कारण तारखेला महत्त्व होते.

ते महत्त्व टीसीएसमुळे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आयकरापोटी आगाऊ वसूल करून सरकारजमा करते त्या रकमेमुळे. परदेशी पाठवलेल्या रकमेवर, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार ही कारणे सोडली तर, ठरावीक मर्यादेपुढे बँक वीस टक्के टीसीएस घेते. ही मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत सात लाख होती, १ एप्रिलपासून दहा लाख झाली. ती दर माणशी, दर आर्थिक वर्षाला आहे आणि तुमच्या सर्व बँका व सर्व उद्देश मिळून एकच मोजली जाते. आमची ४६ लाखांची रक्कम माझ्या एकट्याच्या नावाने एप्रिलनंतर एकदम गेली असती, तर ३६ लाखांवर ७ लाख २० हजार अडकले असते. सीएंच्या सांगण्यावरून मार्चमध्ये आम्ही दोघांनी सात-सात लाख आणि जुलैमध्ये दहा-दहा लाख पाठवले. उरलेल्या माझ्या बारा लाखांवरच २ लाख ४० हजार टीसीएस बसला. प्लॉट पहिल्यापासून दोघांच्या नावे असल्यामुळे पत्नीची रक्कम तिच्या स्वतःच्या पैशातून गेली, हे येथे मुद्दाम नोंदवतो. तरीही जुन्या शाखेने तिचे सात लाख आमच्या संयुक्त खात्यातून काढून पहिला खातेदार म्हणून माझा पॅन टाकण्याची तयारी केली होती. सही करण्यापूर्वी फॉर्म चष्मा लावून वाचला म्हणून निभावले. नाही तर त्या वर्षीची माझी मर्यादा ओलांडून सात लाखांवर वीस टक्के बसले असते आणि तिची मर्यादा तशीच वाया गेली असती. त्यानंतर तिची प्रत्येक रक्कम तिच्या एकटीच्या खात्यातूनच पाठवली.

विनिमयाच्या दरात मात्र जुन्या बँकेने आम्हाला पुरते नागवले, आणि तेही हसतमुखाने. त्या दिवशी बाजारात पौंड ११२ रुपयांच्या आसपास होता. शाखेने लावलेला कार्ड रेट, म्हणजे छापील दर, होता ११४ रुपये ४० पैसे. सात लाखांना बाजारभावाने ६,२५० पौंड आले असते, प्रत्यक्षात आले ६,११९. दोघांच्या रकमा मिळून २६२ पौंड, म्हणजे २९ हजार रुपयांवर पाणी सोडले, आणि पावतीवर कमिशन म्हणून ५०० रुपये! जीएसटीदेखील या मानाने किरकोळ असतो. तो संपूर्ण रकमेवर लागत नाही; चलनबदलाच्या सेवेचे मूल्य टप्प्याटप्प्याने ठरवून त्यावर १८ टक्के लागतात. सात लाखांना ७२० रुपये, दहा लाखांना ९९०. रक्कम कितीही मोठी असली तरी हा आकडा १०,८०० च्या पुढे जात नाही.

त्याखेरीज पहिली रक्कम मुलाच्या खात्यात १८ पौंड कमी होऊन पोचली. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपले शुल्क परस्पर कापून घेतले होते. फॉर्मवर शुल्क कोणी सोसायचे याचे पर्याय असतात, आणि 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडून' या चौकोनात खूण केली की पूर्ण रक्कम पोचते, हे आम्हाला नंतर कळले.

खासगी बँकेचा अनुभव या बाबतीत पुष्कळच बरा. तेथे खाते दोन वर्षांपासून होते. जुलैमध्ये संबंधित अधिकारी बाईंना मी सरळच विचारले की ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन-खरेदीविक्री विभागाकडून, रेट घेऊन द्याल का. त्यांनी फोन लावून दहा मिनिटांत सांगितला. बाजारात ११६ रुपये ३० पैसे चालू होता, त्यांनी ११६ रुपये ९५ पैसे दिला. आपणहून त्यांनीही विचारले नव्हते. त्यांचा छापील दर त्या दिवशी ११८ रुपये ५५ पैसे होता, आणि त्या दराने दहा लाखांमागे सुमारे दीडशे डॉलर, चुकलो, एकशे पंधरा पौंड, कमी मिळाले असते. मागितल्याशिवाय मिळत नाही, ही भाजी मंडईची रीत बँकेतही चालते, हे वयाच्या ६६ व्या वर्षी शिकलो. दोघांचे मिळून पाचही व्यवहार पुरे झाले तेव्हा मुलाच्या खात्यात जवळपास ३९,६०० पौंड पडले होते.

दोष येथेही घडला. बारा लाखांच्या वेळी माझ्या खात्यात बारा लाख पाच हजार होते, आणि टीसीएस पाठवायच्या रकमेतून कापला जात नाही, तो वरून द्यावा लागतो, हे मला कोणी सांगितले नाही. विनंती परत आली, त्या दिवशीचा रेट गेला, आणि दुसऱ्या दिवशी एक मुदत ठेव मोडून अडीच लाख खात्यात आणावे लागले. ऑनलाइन फॉर्ममध्ये जर कोड, पॅन आणि मुलाचा पत्ता इतक्या तपशिलात विचारता, तर एकूण किती रुपये खात्यात हवेत हा आकडा शेवटच्या पानाऐवजी पहिल्या पानावर दाखवणे अवघड नसावे.

टीसीएस हा कर नव्हे, तो आपल्या नावे जमा राहतो आणि विवरणपत्र भरताना वजा किंवा परत मिळतो, हे खरे. परंतु बँक तिमाही तपशील भरते तेव्हाच तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील आपल्या करजमेच्या तक्त्यात, दिसत असे; जुलैचा आमचा आकडा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दिसला. ऑक्टोबर २०२४ पासून पगारातून होणाऱ्या करकपातीत हा टीसीएस वळता करून घेण्याची सोय झाली आहे, त्यासाठी १२बीएए हा फॉर्म होता. मी तो माझ्या पेन्शनच्या शाखेत दिला. तेथील साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि 'आमच्या सिस्टिममध्ये हे येत नाही' असे सांगून परत केला. त्यामुळे २ लाख ४० हजार परताव्यापर्यंत अडकून राहतात, आणि त्यावर सरकारकडून मिळणारे दरमहा अर्धा टक्का व्याज १ एप्रिलपासून मोजले जाते, त्याआधीच्या महिन्यांचे नाही.

इंग्लंडातील सॉलिसिटरने पैशाचे मूळ तपासले ते मात्र आपल्या बँकांपेक्षा कितीतरी कसून. आमच्या दोघांच्या सहा महिन्यांच्या खात्याच्या नोंदी, प्लॉटचे खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), शिवाय ही रक्कम कर्ज नसून भेट आहे आणि त्या घरावर आमचा कोणताही हक्क राहणार नाही, असे दोघांच्या सह्यांचे पत्र. पत्नीने सही केली खरी, पण पोटच्या पोराला असे लिहून द्यायचे याचे तिला दिवसभर वाईट वाटले. इंडेक्स टू मराठीत, म्हणून त्याचे प्रमाणित भाषांतर करावे लागले. त्यात भाषांतरकाराने 'गट नंबर'चे 'ग्रुप नंबर' केले आणि सॉलिसिटरने विचारले, हा कोणता समूह? त्याहून मौज पुढेच. इंडेक्स टूवर बाजारभावाच्या रकान्यात 'भाडेपट्ट्याच्या बाबतीत पट्टाकार आकारणी देतो की पट्टेदार ते नमूद करावे' हे वाक्य छापलेलेच असते, ते आपण कधी वाचतही नाही. भाषांतरात ते इमानेइतबारे उतरले, आणि जमीन तुमच्या मालकीची होती की भाड्याची, अशी विचारणा आली. तिचे उत्तर द्यायला सात-बारा पाठवावा लागला, अर्थात त्याचेही भाषांतर करून.

मुलाचे स्वतःचे सहा लाख रुपये त्याच्या पुण्यातील जुन्या पगाराच्या खात्यात पडून होते. परदेशी स्थायिक झाल्यावर ते खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या रुपयांतील खात्यात, बदलायला हवे होते, ते इतक्या वर्षांत कोणी केले नव्हते; आधी तो बदल करावा लागला. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, टीसीएस लागत नाही, मात्र तिथे १५सीए (पाठवणाऱ्याचे स्वतःचे निवेदन) आणि १५सीबी दोन्ही खरोखरच लागत होते. ज्या शाखेने आमच्याकडे नको असलेले प्रमाणपत्र हट्टाने मागितले होते, तिने इथे ते मागायचेच विसरून महिनाभर फाइल ठेवून दिली.

घराचा ताबा सप्टेंबरात मिळाला. मार्चमधल्या त्या १८ पौंडांबद्दल मी जुन्या बँकेकडे लेखी तक्रार केली होती, तिचे उत्तर दिवाळीनंतर आले. मध्यस्थ बँकेकडे रकमेचा शोध घेता येईल, त्यासाठी चौकशी शुल्क आगाऊ भरावे, असे त्यात कळवले असून शुल्काचा आकडा १८ पौंडांहून थोडा जास्त आहे.